अकरा सेकंद

तिसगावच्या बाजारपेठेमागं जयमालाच्या गॅरेजसमोर आसारामचा टेम्पो उभा होता. काच नवी, रंग नवा. इंजिनात इंजेक्टरही नवे बसवले होते, म्हणून लॅपटॉप जोडून ईसीएममध्ये, म्हणजे इंजिनच्या छोट्या संगणकात, प्रोग्राम नव्यानं भरायचा होता. गावात हे काम एकटी जयमालाच करायची.

तिला हा टेम्पो नकोसा वाटत होता. तीन महिन्यांपूर्वी ऊसतोडीच्या टोळीला कोपरगावकडं सोडून रिकामा परत येताना तो करंजी घाटात कठड्यावर आदळला आणि ड्रायव्हर भीमराजकाका जागीच गेले. काका तिच्याच वस्तीतले. ड्रायव्हरला डुलकी लागली, असं टेम्पोचा मालक आसाराम यानं पोलिसांना सांगितलं आणि तेच गावभर झालं. ब्रेक लागत नाहीत हे काकांनी मालकाच्या चारदा कानावर घातलं होतं, असं त्यांची बायको सुमनबाई ज्याला त्याला सांगत राहिल्या. कुणी मनावर घेतलं नाही. जयमालानंही नुसती मान हलवली होती.

तिनं स्टिअरिंगखालच्या सॉकेटात केबल लावली, चावी फिरवली आणि लॅपटॉप बाहेर स्टुलावर ठेवला. नवं भरण्याआधी जुन्याची प्रत उतरवून घ्यायची तिची सवय. जुन्यात धडकेच्या आधीचे अकरा सेकंद होते. वेग चाळीस, अठ्ठेचाळीस, एकसष्ट. आणि प्रत्येक सेकंदापुढं लिहिलेलं : ब्रेक ऑन.

तिनं लॅपटॉप शेजारी उभ्या आसारामकडं वळवला.

"झोपलेला माणूस अकरा सेकंद ब्रेक दाबून धरतो का, शेठ?"

आसाराम स्क्रीनवर वाकला. मग म्हणाला, गेलेलं माणूस काय परत येनार हाय का, तुमी ते पुसा आन् नवं भरा. ती नाही म्हणाली. तेव्हा त्यानं स्वतःच हात पुढं केला आणि पुसायचं बटण दाबलं. एखादी माशी झटकावी तसं.

प्रत तिच्याकडं होती. तरी तिनं झडप घालून लॅपटॉप आपल्याकडं ओढला.

तेवढ्यात रिकाम्या स्क्रीनवर एक ओळ उमटली. ब्रेक ऑन.

ही नोंद आत्ताची होती. केबिनमध्ये कुणी नव्हतं.

ब्रेकचा स्विच अडकला असेल म्हणून तिनं त्याची वायर काढली. ओळ तशीच. बॅटरीची तार सोडवली. ओळ तशीच. शेवटी तिनं लॅपटॉपची केबलच उपटली. केबल हातात लोंबत होती आणि ओळ जागची हलली नव्हती.

ती केबिनमध्ये वाकली. ब्रेकचं पेडल तळाला टेकलेलं होतं. तिनं दोन्ही हातांनी ओढून पाहिलं. ते वर येईना. नुसतं बारीक थरथरत होतं, फार वेळ ताणून धरलेला पाय थरथरतो तसं.

मागं वळून पाहिलं तर आसाराम निघून गेला होता.

प्रत घेऊन तिनं पोलीस चौकी गाठली. हवालदार म्हणाला, केस कधीच मिटली, ताई. ती बाकावरून उठली नाही. आसारामपेक्षा आता तिला स्वतःचा राग येत होता, त्या नुसत्या हलवलेल्या मानेचा. दुपारी तीनला तिचा जबाब कागदावर आला तेव्हाच ती उठली आणि थेट सुमनबाईंच्या घरी गेली.

सगळं ऐकून सुमनबाई रडल्या नाहीत. गॅरेजपर्यंत चालत आल्या, केबिनमध्ये डोकावल्या.

"किती येळ धरून बसल्यात," त्या म्हणाल्या. "पाय भरून आला आसंल."

त्या पायरीवर टेकल्या, आत वाकल्या आणि पेडलच्या वरच्या मोकळ्या जागेत हलक्या हातानं चेपू लागल्या. जयमाला शेजारीच उभी होती. सुमनबाईंची बोटं दाबायची आणि थांबायची. दोन्ही हात एकमेकांना भिडत नव्हते. मधे पोटरीएवढी जागा राहत होती.

हळूहळू पेडल वर आलं.

सुमनबाईंनी हात काढून घेतले. मग त्या क्लचच्या बाजूला जराशा सरकल्या.

"आता दुसरा द्या," त्या म्हणाल्या, आणि त्यांचे हात पुन्हा तेवढ्याच अंतरावर थांबले.