डावीकडचं दार

चष्म्याच्या दुकानात मी डोळे तपासतो. माणसाला दिसत नाही म्हणजे नेमकं काय दिसत नाही, ते शोधणं हेच माझं काम. म्हणून आत्यानं मी काढलेला फोटो हातात घेऊन, "समोर आलं ते टिपलंयस, पाहिलं काहीच नाहीस," असं म्हटलं तेव्हा मला जरा लागलंच.

आत्या वर्तमानपत्रात फोटो विभागाची प्रमुख होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. कूस बदलायलाही तिला सांभाळणाऱ्या बाईंचा हात लागायचा. नजर मात्र शाबूत होती. ती भिंग लावून फोटो बघायला लागली की मी तोंडी परीक्षेला आल्यासारखा स्टुलाच्या कडेला टेकायचो.

फोटो आमच्या दुकानामागच्या गल्लीतला होता. सलूनमधल्या गिऱ्हाइकाचा बूट एका कुत्र्यानं पळवला होता. गिऱ्हाईक तोंडाला साबण तसाच घेऊन पायरीवर आलं होतं आणि मागं न्हावी, वस्तरा सावरत, पोट धरून हसत होता. मी जाता जाता बटण दाबलं. कुणाचं लक्षही नव्हतं.

आत्यानं वरचं आकाश कापायला लावलं, कललेली पाटी सरळ करायला लावली. कुत्रं अर्धंच आलं होतं, म्हणून ते मी काढून टाकणार होतो. ती म्हणाली, मग ही माणसं काय तुझ्याकडे बघून हसतायत? सांगितलं तसं केलं, नवी प्रिंट काढली आणि थक्क झालो. फोटो तोच होता, पण आता त्यातलं हसू ऐकू येत होतं. इतकी वर्षं लोकांना भिंगं बसवून देतोय, पण असं बघणं मला कुणी शिकवलं नव्हतं.

सलूनच्या डावीकडे एका दाराची काळीकुट्ट चौकट आली होती. तीही मला कापायची होती.

"तिला हात लावू नकोस," आत्या म्हणाली. "तिथं वजन आहे. ती गेली तर सगळा फोटो कुत्र्याच्या बाजूला घसरेल. फक्त ते काळं मेलेलं आहे. थोडं उजळव."

मी उजळवलं. काळ्यात राखाडी दाणे उठले. अंधारातून उजेड ओढून काढला की असे दाणे येतातच, त्यात नवल नाही. आत्या बराच वेळ भिंगातून बघत राहिली आणि आणखी थोडं उजळव म्हणाली.

पुढच्या प्रिंटमध्ये दाण्यांना खांदा आला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी गल्लीत जाऊन आलो. ते दार विटांनी बुजवलेलं होतं. वर गिलावा, त्यावर भिंतीचाच रंग. चौकटीत जेमतेम वीतभर खोल जागा. तिथं मांजर बसलं असतं, माणूस मावला नसता. न्हावी म्हणाला, त्याचे वडील सलून चालवायचे तेव्हापासून ते असंच आहे.

आत्याला मी सगळं सांगितलं. हा कॅमेऱ्याचा दोष आहे, असंही समजावलं.

"अजून एकदाच उजळव," ती म्हणाली. "बेतानं. चेहरा नाही आला तरी चालेल."

दुकानात गर्दी नव्हती. मी कॉम्प्युटरसमोर बसलो आणि त्या चौकटीतला उजेड जरासा वाढवला.

चौकटीत एक बाई उभी होती. आखूड पांढरे केस. डोळ्याला कॅमेरा. डावा कोपर बरगडीशी घट्ट, एक टाच मागं भिंतीला टेकवलेली.

घरातल्या प्रत्येक समारंभात मी ही उभी राहण्याची तऱ्हा पाहिली होती.

प्रिंट घेऊन मी तडक आत्याकडे गेलो. सांभाळणाऱ्या बाई तिच्या पाठीखाली उशी सरकवत होत्या. आत्या कधी बाहेर जाते का, असं मी आडून विचारलं. त्या म्हणाल्या, कसल्या बाहेर जातायत, पाय जमिनीला लागून वर्ष होईल.

बाई स्वयंपाकघरात गेल्यावर मी फोटो पुढे केला. "आत्या, ही तू आहेस."

तिनं भिंग लावलं. "उभी बरी राहिलेय," म्हणाली. मग तिनं उशीखाली हात घालून एक प्रिंट काढली. "आता माझा बघ. आणि भीड ठेवू नकोस."

प्रिंट ओलसर होती.

गल्ली तीच, क्षणही तोच, पण डावीकडून टिपलेला. अगदी जवळ साबण लागलेला एक कान, कोपऱ्यात बूट घेतलेलं कुत्रं आणि बरोबर मध्ये, कॅमेरा धरलेला मी. माझा चेहरा इतका आनंदी असतो हे मला ठाऊक नव्हतं. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती. मी घाबरलेलो असूनही मनात पहिलं आलं ते हेच, की असा फोटो मला जन्मात जमणार नाही. मी तिला तसं सांगितलं.

"कौतुक नको. खटकतंय काय ते सांग."

मी पुन्हा बघितलं. माझ्या मागं फुटपाथवर माणसं होती. सगळी कुत्र्याकडे बघत होती. एक सोडून. तो माझ्या इतक्या जवळ होता की त्याचा श्वास माझ्या मानेला लागला असता. तो सरळ आत्याच्या कॅमेऱ्यात बघत होता.

"हा मागचा," मी म्हणालो. "याला कापायला हवं."

आत्यानं प्रिंट माझ्या हातातून काढून घेतली.

"दोनदा कापून पाहिलं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा तो राहतो. जातोस तू."