डबल घंटी

दार लोटून घे रे, वारा येतोय. आणि ते मोबाइल खिशात ठेवा आधी. नाहीतर मी आपला झोपतो, मला काही हौस नाही.

तर आपल्या डेपोत एक ड्रायव्हर होता. तुम्ही ठेकेदाराची नवी पोरं, तुम्ही त्याला पाहिलेलं नाही. सगळे त्याला तुफान म्हणायचे. काय वाटेल ते होवो, गाडी वेळेच्या आधी डेपोत आणणार म्हणजे आणणारच. माणूस वाईट नव्हता हो. बायको लवकर गेली, एकुलती एक लेक, तिच्यावर जीव टाकायचा. फक्त कुणासाठी थांबायचं म्हटलं की त्याच्या अंगाची लाही व्हायची. मी ऐकीव सांगत नाहीये, त्याच्या गाड्यांखाली फिटर म्हणून निम्मं आयुष्य गेलंय माझं.

तीन वर्षं झाली. डिसेंबरची तेरा तारीख, मंगळवारची रात्र. मोठ्या वर्कशॉपमधून दुरुस्त झालेली एक गाडी डेपोत आणून लावायची, एवढंच काम. गाडी रिकामी. वाटेत तो मोठा दवाखाना लागतो. तुफानची लेक तिथल्या लाँड्रीत कामाला. एरवी कंपाउंडर तिला स्कूटरवरून सोडायचा, तो नेमका रजेवर. म्हणून तुफाननं फोन केला, "जुन्या थांब्यावर ये ग. मी गाडी घेऊन येतोय."

लेक म्हणाली, "बरं." हल्ली ती बापाशी तेवढंच बोलायची.

का, ते आधी ऐका. नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

पूर्वी त्या दवाखान्यापर्यंत आपली रात्रीची शेवटची गाडी जायची. मग अनुदानाचं भांडण लागलं. राज्य सरकार म्हणे, शहर तुमचं, बस तुमची, पैसे पालिकेनं घाला. पालिका म्हणे, अनुदान कबूल केलंत तुम्ही, आता हात वर करू नका. वर्षभर नुसती टोलवाटोलवी. बैठका झाल्या, चहा झाले, पेपरात फोटो आले. इकडे डिझेलच्या टाकीत खडखडाट. शेवटी त्याच वर्षीच्या एकतीस मार्चला फर्मान आलं. रात्रीच्या गाड्या उद्यापासून बंद, कंडक्टर सगळे घरी, ड्रायव्हर निम्मे घरी. आणि डेपोच्या साहेबांनी वर पिल्लू सोडलं, आज जो वेळेत परत येईल, त्याची नोकरी मी वाचवीन.

म्हणजे काय झालं, सगळे एकमेकांच्या उरावर.

त्या रात्री दवाखान्याची शेवटची गाडी तुफानकडे होती. लाँड्रीत एक म्हातारी होती, तिला सगळे मावशीच म्हणायचे. गुडघ्यानं अधू. लाँड्रीच्या मागच्या दारातून शेताच्या पायवाटेनं थांब्यावर यायची, आणि रोज उशीर. म्हणून लांबूनच बॅटरी हलवायची. थांबा रे बाबांनो, येतेय. बॅटरी हातातून पडू नये म्हणून दवाखान्याच्या फाटक्या चादरीची पट्टी फाडून तिनं ती मनगटाला बांधलेली असायची. निळ्या रेघेची पट्टी, मी स्वतः पाहिलीये. आणि आपल्या लोकांचा रिवाज होता. बॅटरी दिसली की गाडी हलायची नाही. तुफानसुद्धा चरफडत का होईना, थांबायचा.

त्या रात्रीही बॅटरी हलली.

कंडक्टर म्हणाला, "मावशी येतायत."

तुफाननं घड्याळ बघितलं. "घंटी मार."

"अरे, उद्यापासून गाडीच नाही. आज तरी ने म्हातारीला."

"तुझी नोकरी गेलीये. माझी जायचीय अजून. मार घंटी."

कंडक्टरनं दोरीवरचा हात काढून घेतला. तेव्हा तुफान सीटवरून उठला आणि त्यानं स्वतः दोरी ओढली. टिंग टिंग. "घे, झाली घंटी," म्हणाला आणि निघाला.

तुम्हाला काय कळणार त्यातलं, तुमच्या गाड्यांना घंटीच नाही. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ड्रायव्हर मागं वळून बघत नाही. डबल घंटी ऐकली की पाय क्लचवरून आपसूक उठतो. इतक्या वर्षांची सवय, पाय डोक्याला विचारत बसत नाही.

मावशी चालत निघाली. वळणावर ट्रकनं उडवलं, जागीच गेली. तिला गुंडाळून आणलेली चादर सकाळी लाँड्रीत धुवायला आली, ती आली तुफानच्या लेकीच्या हातात. संध्याकाळी तिनं बापाला विचारलं, "बाबा, तुम्हाला मावशींची बॅटरी नाही दिसली?"

"नाही ग. अंधार केवढा होता."

पण कंडक्टरनं तिला आधीच सगळं सांगितलं होतं. त्या दिवसापासून पोरगी बापाशी कामापुरतं बोलायला लागली. तुफानची नोकरी मात्र राहिली. कंडक्टर गेल्यावर गाड्यांच्या घंटीच्या दोऱ्या मीच काढल्या, पोत्यात भरून भंगारात दिल्या. हे नीट ध्यानात ठेवा. घंट्या राहिल्या, पण दोऱ्या काढलेल्या होत्या.

आता त्या तेरा तारखेकडे या.

तुफान जुन्या थांब्यावर येऊन उभा राहिला. आतले दिवे वर्कशॉपवाल्यांनी जोडलेच नव्हते. रस्त्यावर चिटपाखरू नाही. इंजिन चालू ठेवून बसला. जरा वेळानं पायवाटेवर बॅटरी दिसली. हलत हलत येत होती. त्याला हायसं वाटलं.

मग मागच्या दाराशी आवाज झाला. पायरीवर वजन पडलं की गाडी कशी जराशी दबते, तशी दबली.

"आलीस? बस."

उत्तर नाही. रुसलीये, त्याला वाटलं. आणि मागून...

टिंग टिंग.

पाय उठला. गाडी निघाली.

तुफान आपला बोलत सुटला. अंधारात तोंड दिसत नाही, तेव्हा माणसाला बोलवतं. "चुकलं ग माझं. बॅटरी दिसली होती मला. नोकरी गेली असती तर तुला काय खाऊ घातलं असतं? बोल की काहीतरी. शिव्या दे हवं तर."

समोर ठेवलेला फोन वाजला. स्क्रीनवर लेकीचं नाव.

त्यानं फोन स्पीकरवर घेतला.

"बाबा, का निघून गेलात? मी केवढी ओरडले... बॅटरी हलवत होते..."

तुफाननं फोनचा आवाज वाढवला.

"बाबा, घंटी कुणी मारली?"

आरशात नीट बघायचं धाडस होईना. मागच्या सीटवर काहीतरी काळं होतं... की नव्हतं...

"तू थांब. तिथंच थांब. गाडी वळवतो."

"मी निघालेय चालत. वळणाशी आलेच."

"वळणावर जाऊ नकोस! मागं फिर!"

त्यानं ब्रेक दाबला. गाडी मंदावली.

टिंग टिंग.

पाय उठला. त्यानं उठवला नाही रे. उठला. गाडी पुढं.

पुन्हा ब्रेक.

टिंग टिंग.

"बाबा, तुमच्याबरोबर कोण आहे?"

टिंग टिंग.

"बाबा?"

फोनवर तिच्या चपलांचा आवाज येत होता. चटक, चटक. मग लांबून एक हॉर्न. मग जवळून. मग...

काही नाही.

फोन चालूच होता. नुसता वारा.

आणि तेव्हा, मागून, अगदी सावकाश, एकच घंटी वाजली.

टिंग.

गाडी थांबली.

...

पाणी दे रे जरा.

ट्रक सापडला नाही. तो मावशीच्या वेळीही सापडला नव्हता. तुफान उजाडेपर्यंत वळणावर लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसला होता. पोलिसांनी विचारलं तर एकच सांगायचा, मी थांबत होतो, मला थांबू देत नव्हते. बाकीचं सगळं नंतर मला एकट्याला सांगितलं त्यानं. पुढं त्याला गाडीवर बसवलं नाही कुणी. दवाखान्याची रात्रीची गाडी? ती आजही बंद आहे. पैसे कुणी द्यायचे ते अजून ठरायचंय.

सकाळी गाडी आणायला मला पाठवलं. मी पुढच्या दारानं चढलो. आत चिडीचूप. मागची सीट रिकामी. वर बघितलं, तर घंटीला काहीतरी बांधलेलं. तिथून छताला लागून थेट मागच्या सीटपर्यंत ओढत नेलेलं, पट्टीला पट्टी जोडून.

निळ्या रेघेची चादर.

मी गाठ सोडायला हात लावला. ओली होती. पिळायची राहून गेल्यासारखी ओली, आणि साबणाचा वास येत होता.