दोघांच्या वहीतले मुख्यमंत्री

खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. जुन्या विधानसभेचं शेवटचं अधिवेशन चालू होतं. मी धावत सभागृहात शिरले, तर माझ्या खुर्चीवर एक अनोळखी माणूस मान खाली घालून लिहीत होता.

आम्ही प्रतिवेदक. सभागृहाच्या मधोमध आमचं टेबल. आमदार बोलतील ते लघुलिपीत जसंच्या तसं उतरवायचं आणि बाहेर येऊन टाइप करायचं. प्रत्येकाचा टर्न दहा मिनिटांचा. पुढच्यानं जरा आधी येऊन शेजारी बसायचं आणि लिहायला लागायचं, म्हणजे शेवटची चार वाक्यं दोघांच्या वहीत असतात. एकाचा कान चुकला तर दुसऱ्याचा सांभाळून घेतो.

"तुमचा टर्न मी खाल्ला," बाहेर आल्यावर तो म्हणाला.

"मग, पोट भरलं?"

"नाही ना... उद्याही उशीर करा."

तो तात्पुरत्या नेमणुकीवर आला होता, म्हणून खोलीत सगळे त्याला 'तात्पुरते' म्हणत. अहो तात्पुरते, चहा घ्या. अहो तात्पुरते, पंखा लावा. तो हसून लावायचा. त्याच्या नंतरचा टर्न माझा असे, आणि मी हळूहळू गरजेपेक्षा बऱ्याच आधी जाऊन शेजारी बसू लागले.

"हल्ली फार लवकर येता," तो एकदा म्हणाला.

"काम शिकतेय."

"पाच वर्षं झाली ना तुम्हाला?"

"काहींना वेळ लागतो," मी म्हटलं आणि पेन्सिलीला टोक करत बसले. टोक आधीच होतं.

मग निवडणूक झाली. निकालाच्या दिवशी प्रमुख प्रतिवेदक साहेबांच्या कपाटावरचा रेडिओ सकाळपासून चालू होता. सत्तेतला पक्ष एकेक जागा हरत होता. कुणी खूश, कुणी गप्प.

"तुम्ही कुणाच्या बाजूचे हो?" मी त्याला हळूच विचारलं.

"मला जो ठेवील त्याच्या."

हसला खरा, पण उठून रेडिओचा आवाज त्यानंच वाढवला. जाणाऱ्या सरकारनं शेवटच्या महिन्यांत भरलेली माणसं नवे लोक काढणार, अशी कुजबुज होती. कुणाला ठेवायचं याची शिफारस साहेब करणार होते. तो गेला तर गावी परत जाणार, आणि मी काही न बोलताच राहून जाणार... या विचारानं मला जेवण जाईना. आई म्हणायची, "निवडणुकीला तू उभी होतीस का गं?"

नव्या सभागृहाचा पहिला दिवस. बाकं उलटी झाली होती. काल उजवीकडे बसणारे आज डावीकडे. त्याचा टर्न संपत आला होता, मी शेजारी लिहायला लागले होते. तेवढ्यात तो ओळखीचा खर्जातला आवाज उठला आणि सरकारवर तुटून पडला.

तासाभरानं साहेबांनी दोघांना बोलावलं. समोर त्याचा टाइप केलेला कागद होता.

"वाचा."

त्यानं वाचलं. "मुख्यमंत्री : या सरकारला एक दिवसही सत्तेवर राहण्याचा अधिकार नाही."

ते खर्जातले गृहस्थ आता मुख्यमंत्री नव्हते, विरोधी बाकांवर होते. आम्ही मान खाली घालून लिहिणारी माणसं. चेहरा बघतो कुठे? मी पाच वर्षं आणि त्यानं एक अधिवेशन ऐकलेला तो आवाज म्हणजे मुख्यमंत्री.

"बाई, तुमची वही?"

मी पुढे केली. तिच्यातही मुख्यमंत्रीच.

"साहेब, त्यांनी माझं बघून लिहिलं," तो म्हणाला.

"खोटं आहे. माझं बघून त्यांनी लिहिलं," मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा काढून आमच्याकडे पाहिलं. "दोन कान वेगळे असावेत म्हणून ही पद्धत. तुमचे दोघांचे एकच झालेत." त्यांनी कागद दुरुस्त केला. "जा. आणि शिफारस मी कालच पाठवली आहे. दोघांपैकी कुणीही हुतात्मा व्हायची गरज नाही."

शिफारशीचा उपयोग झाला नाही. त्याच आठवड्यात सगळ्या तात्पुरत्यांना काढल्याचा आदेश आला. तो टेबल आवरत होता.

"पत्ता द्या," मी म्हटलं.

"कशाला?"

"आईला दाखवायचाय."

तो थांबला. "माझी नोकरी गेलीय, कळतंय ना?"

"माझी आहे... सध्या दोघांना पुरेल."

त्याचे कान लाल झाले. पत्ता त्यानं लघुलिपीत लिहिला. आईला मलाच वाचून दाखवावा लागला.

पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. तो न्यायालयात लघुलेखक म्हणून लागला. खर्जातले ते गृहस्थ पुढच्या निवडणुकीनंतर परत उजव्या बाकांवर आले, आणि काढलेल्या माणसांना परत बोलावलं गेलं. तोही आला, कायम होऊन. आई त्याला शेवटपर्यंत 'लघुलिपीवाले' म्हणायची. साहेब निवृत्त झाले; जाताना माझ्या नवऱ्याचा टर्न माझ्या टर्नच्या आगेमागे कधीही लावायचा नाही, असं बजावून गेले. तो नियम पुढच्या प्रत्येक प्रमुखानं पाळला. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. एवढी वर्षं एका सभागृहात काढली, पण मी आत शिरायची तेव्हा तो बाहेर कुठेतरी टाइप करत असायचा. अजूनही तसंच वाटतं.