शटर बदलावं की नको?

सीताबर्डीच्या एका अरुंद जिन्यावर ताराचा पाय घसरला. तिनं कठडा धरला, पण खांद्यावरचा कॅमेरा निसटला... तो खाली उभ्या असलेल्या एकानं अलगद झेलला.

"तुम्हाले लागलं नाही ना?" त्यानं विचारलं. मग कॅमेरा कानाशी नेऊन बटण दाबलं. "याचं शटर अडखळून राहिलं, बाई."

तो रुपराव. जिन्याखालीच त्याचं कॅमेरा दुरुस्तीचं दुकान होतं.

तारा कृषी महाविद्यालयात संत्र्याच्या रोगट पानांचे फोटो काढायची. अकोल्याहून ७५ साली बदली होऊन आली, त्याला वर्ष झालं. पण धंतोलीतल्या तिच्या खोलीवर अजून कुणी आलं नव्हतं. रविवारी दूधवाल्याशी बोलली की दिवसभराचं बोलणं संपायचं.

"कंपनीनं कळवलंय, सुधारलेलं शटर बसवून घ्या म्हणून. बसवता?" तिनं विचारलं.

"चालून राहिलं ना? मग कशाले हात लावता! उघडला अन् नाही जमलं, तर नुसता डबा उरेल."

पुढच्या शनिवारी ती पुन्हा विचारायला गेली. त्याच्या पुढच्याही. तो स्टूल पुसून द्यायचा, चहा मागवायचा.

"फक्त पानांचेच फोटो? माणसांचे नाही?"

"पानं हलत नाहीत. आणि... सोडून जात नाहीत."

"झडतात की!"

ती हसली. स्वतःचंच हसू तिला अनोळखी वाटलं.

पाचव्या शनिवारी ती आली ती रडवेली होऊन. शटर अडकलं होतं, अख्खा रोल काळा निघाला होता. "आता बदलाच!"

रुपरावानं मान खाली घातली. "अर्ध्या तासाचं काम आहे, ताराबाई. मीच टाळून राहिलो."

"कशाले?" त्याचाच शब्द तिच्या तोंडून निघाला.

"झालं की... तुम्ही येणार नाही म्हून."

तिला राग आला. "महिन्याभराची मेहनत गेली माझी!" कॅमेरा तिथंच ठेवून ती निघून गेली.

रविवार सरता सरेना. राग केव्हाच ओसरला होता. उरली होती ती फक्त खोली. संध्याकाळी कडी वाजली. कॅमेऱ्याच्या पट्ट्यावर लिहिलेला पत्ता शोधत रुपराव आला होता.

"बसवलं. ऐका—" खटकन स्वच्छ आवाज झाला. "माफ करा. आता बिघडणार नाही. येतो मी."

"रुपराव..." तिनं उंबऱ्यावरूनच हाक मारली. "शनिवारी येईन मी."

"पण कॅमेरा तर—"

"तो घरी ठेवून येईन." ती दारातून बाजूला झाली. "आणि आज... तुम्ही आत या."