मुखवट्याविना

जव्हारच्या एसटी स्टँडवर पारू काठी टेकून उभी होती. खोडाळ्याची गाडी काही लागत नव्हती आणि उजवा खुबा जीव खात होता. सिकलसेलच्या आजारानं आधी रक्त धरलं, मग हा खुबा.

"बस ना, मी सरकतो."

बाकावर पोशेऱ्याचा जगन होता, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला संबळ. पारू लंगडत जाऊन त्याच्या शेजारी टेकली.

गावच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, देवीचं सोंग पुरुषानंच घ्यायची रीत. पारू मुलगा म्हणून जन्मलेली, घरचे तिला अजून मुलगाच समजत, म्हणून सोंग तिच्याकडे आलं. वर्षातून एकदा लाकडी मुखवटा, लुगडं, हातभर बांगड्या... आणि समोर जगन, देवीवर नजर लावून, संबळ वाजवत मागं मागं सरकणारा. त्या नजरेवर ती वर्ष काढायची. पण नजर देवीसाठी होती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"देवी तूच ना? चालीवरून ओळखली," जगन हळूच म्हणाला.

"औंदा नाय घेणार. खुबा ओझं धरीत नाय."

"मग मी कोणाकडं बघू?"

"देवीकडं. दुसरा कोणी होईल देवी." तिनं ओढणी सावरली. "मी कोण ते तुला ठावं आहे ना? मला पोर व्हायचं नाय. दुखणं उठलं का हांतरूण धरते."

"मी कुठं लग्नाचं विचारलं?" तो हसला. "अजून."

पारू कानापर्यंत लाल झाली. त्या 'अजून'नं तिची झोप उडवली ती उडवलीच.

बोहाड्याच्या शेवटच्या सकाळी ती लुगडं नेसून, उघड्या चेहऱ्यानं बायकांत जाऊन बसली. कुजबुज झाली, एकदोघी सरकल्या. हवेत मोहाच्या फुलांचा वास होता. देवी निघाली. जगन तिच्यापुढं मागं मागं सरकत पारूजवळून गेला... आणि त्यानं एकदाही वळून पाहिलं नाही. पारूला वाटलं, उगाच आले. देवी होते तेच बरं होतं.

देवी देवळात बसली. संबळ थांबला. जगननं तो कमरेचा सोडून खाली ठेवला आणि सगळ्या गावासमोर सरळ बायकांकडे आला.

"वाजवताना देवीवरची नजर काढता येत नाय," तो म्हणाला. "आता मोकळा आहे. ऊठ, माझ्यासंगं चल."

"गाव बघतंय, जगन."

"मी पण बघतोय."

त्यानं हात पुढं केला. तो धरून ती उठली, आणि खुब्यातून कळ थेट मस्तकात गेली.

"दुखतंय?"

"दुखतंय," पारू म्हणाली. "पण हात सोडू नको."