गंजासुराची वाक्यं

भीतीची गोष्ट म्हणून सांगतोय खरा, पण त्या दिवशी आम्ही हसून हसून बेजार झालो होतो, हे आधीच सांगून ठेवतो.

डबिंगच्या स्टुडिओत मी आवाज रेकॉर्ड करतो. लहानपणी सुट्टीत ताई आणि मी व्हिडिओ गेमला चिकटलेले असायचो. कॅसेट फुंकायची, खाचेत दाबायची, की टुणक्या बेडूक उड्या मारत निघालाच! पुढे त्या खेळावरून टीव्हीवर कार्टून आलं, आणि रविवारी सकाळी आंघोळीसाठी हाका मारून मारून आईचा घसा बसायला लागला.

तेच कार्टून इतक्या वर्षांनी पुन्हा दाखवायचं ठरलं. चित्रं शाबूत होती, पण शेवटच्या भागाच्या आवाजाची टेप बुरशीने खाल्ली होती. ती नव्याने करायचं काम माझ्याकडे आलं. मला तर आभाळ ठेंगणं झालं.

टुणक्याचा आवाज काढणाऱ्या काकू आता सत्तरीच्या. दार ढकलतानाच बेडकाच्या आवाजात ओरडल्या, "गंजासुरा, बाहेर ये!" सगळा स्टुडिओ खिदळला. मग त्यांचं लक्ष शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे गेलं. गंजासुर म्हणजे त्यातला राक्षस. त्याचा आवाज काढणारे काका, काकूंचे जुने सहकलाकार, दोन वर्षांपूर्वी वारले होते.

"त्यांची वाक्यं एक नवा नट म्हणणार आहे," मी चाचरत म्हणालो.

"मग मी निघते. भांडू कुणाशी मी?"

त्यांनी पर्स उचललीसुद्धा. त्या गेल्या असत्या तर सगळंच बारगळलं असतं. मी अक्षरशः गयावया केली.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "माझी वाक्यं मी म्हणते. त्याच्या जागा मोकळ्या सोड. पुढचं तुझं तू बघ."

काचेपलीकडच्या खोलीत त्या एकट्या बसल्या. मंद दिवा, गालिच्याचा कुबट वास, आणि माझ्या हेडफोनमध्ये त्यांचा श्वास... बाकी सगळं गच्च शांत. एक वाक्य म्हणायचं, थांबायचं, पुढचं म्हणायचं. पण थांबल्या की त्या फसकन हसायच्या. एकदा तर लटक्या रागाने म्हणाल्या, "गप रे! हसवू नकोस!"

आठवणी येत असतील, मला वाटलं.

बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. "गुणाचा रे बाबा तू. त्याचा जुना आवाज कुठून मिळवलास?"

"कुठला आवाज?"

"हेडफोनमध्ये ऐकवत होतास तो..."

"काकू... मी काहीच लावलं नव्हतं."

आम्ही रेकॉर्डिंग ऐकलं. सोडलेल्या प्रत्येक जागेत तो घोगरा, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज होता. अगदी शेवटी, काकूंनी हेडफोन काढून ठेवल्यावर, एक वाक्य संहितेबाहेरचं निघालं, "बेडके, गुडघा बदलून घेतलास म्हणे! उड्या जरा बेतानं मार..."

काकूंचा गुडघा बदलून दोनच महिने झाले होते.

मी रेकॉर्डिंग थांबवलं. काकू क्षणभर पांढऱ्याफटक पडल्या. मग टेबलावर हात आपटून खो खो हसत सुटल्या, "मेला तरी सुधारला नाही!" त्यांचं बघून मलाही हसू आवरेना.

भाग तसाच दाखवला गेला. ताईचा फोन आला, हसता हसता रडत होती. "अगदी तोच आवाज रे!" म्हणाली.

एक गोष्ट मात्र मी काकूंना सांगितलेली नाही. चित्रातल्या गंजासुराच्या तोंडावर लोखंडी झडप आहे. ती कधीच उघडत नाही, खेळातही नाही. परवा सहज तो भाग लावला, तर शेवटी तो खड्ड्यात पडताना झडप किंचित वर सरकली होती. मूळ फिल्म काढून पाहिली... तिच्यातही. दर वेळी पाहिलं की आणखी थोडी वर.

काल हनुवटी दिसली. रंगवलेली नाही, खरी... दाढीचे खुंट असलेली.

काकांचा फोटो शेजारी धरून पाहिला. ती त्यांची नाही.