रिकाम्या खुर्चीवरचं नाव

दुपारचे चार ही काही भुताखेतांची वेळ नव्हे. दोरीवर कपडे वाळत असतात, शेजारी कुणीतरी भिंतीत खिळा ठोकत असतं, घाबरायला कुणाला फुरसत नसते. अशाच एका दुपारी ती वडिलांचा नवा चष्मा घेऊन त्यांच्या घरी गेली. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची, म्हणून वडील तिला चिडवून 'डॉक्टरीणबाई' म्हणत.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत शिरल्याबरोबर तिला घर चुकल्यासारखं वाटलं. पलंगावर इस्त्रीचा एक जोड काढून ठेवलेला, फ्रिज उघडा आणि पुसून कोरडा केलेला, आणि ओट्यावर दूधवाल्यासाठी चिठ्ठी: 'उद्यापासून दूध नको.'

"बाबा, कुठे गावाला निघालात की काय?"

"ये डॉक्टरीणबाई," वडील कॉम्प्युटरसमोरून म्हणाले. मागे वळून काही बघितलं नाही. "जरा थांब, डाव रंगात आलाय."

डाव म्हणजे तो जहाजांच्या पत्त्यांचा खेळ. आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झालेल्या या माणसाला दुसरं व्यसन नव्हतं. आपली सात जहाजं जो आधी बंदराला लावेल, तो जिंकला. त्या खेळाचा डबा बाजारातून केव्हाच नाहीसा झाला होता, पण कुणा एका वेड्या चाहत्याने पदरमोड करून त्या खेळाची वेबसाइट बनवली होती. वेबसाइट तरी कसली, एक हिरवं टेबल, पत्ते आणि दोन खुर्च्या. नियम त्या वेबसाइटला ठाऊकच नव्हते. पत्ते खेळणाऱ्यांनी सरकवायचे, नियमही त्यांनीच पाळायचे. खुर्चीत बसताना नाव लिहायचं, उठताना 'उठलो' दाबायचं, आणि उठलेल्याचा हात जो त्या खुर्चीत बसेल त्याचा.

"आज कोण आहे समोर?" तिने चष्म्याची डबी उघडत विचारलं.

"घड्याळजी."

तिचा हात डबीतच राहिला. घड्याळजी म्हणजे वडिलांचे जुने दोस्त, पलीकडच्या शहरात घड्याळं दुरुस्त करणारे. त्यांना जाऊन तीन आठवडे झाले होते. त्यांच्या मुलाचा फोन तिनेच घेतला होता.

"बाबा..." ती जपून म्हणाली, "घड्याळजी तर..."

"वारला. मला माहीत आहे. अजून इतका काही कामातून गेलेलो नाही मी." वडील हसले. "मेलेल्याने खेळायचं नाही असं कुठे लिहिलंय?"

कुणीतरी टवाळखोर त्या टेबलावर येऊन म्हाताऱ्याची थट्टा करतोय, असं तिच्या मनात आलं, आणि संतापही आला. मग तिने पडद्याकडे नीट पाहिलं. समोरचा खेळाडू टाकलेले पत्ते गोलात मांडत होता. पहिला बाराच्या जागी, दुसरा एकच्या, तिसरा दोनच्या, घड्याळाच्या आकड्यांसारखे. ही खोड जगात एकाच माणसाला होती. खिडकीतून ऊन येत असूनही तिच्या अंगावर काटा आला.

"त्याची सहा लागली, माझी दोन," वडील म्हणाले. "अजून एक जहाज लागलं की झालं."

"काय झालं?"

वडिलांनी पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "आमची अट तुला माहीत नाही? हरलेल्याने जिंकलेल्याच्या घरी जायचं. चाळीस वर्षं पाळलीय आम्ही. भर पावसातसुद्धा गेलोय मी."

इस्त्रीचा जोड, फ्रिज, चिठ्ठी, सगळ्याचा अर्थ तिला एकदम कळला.

"तुम्ही मुद्दाम हरताय," ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "बाबा, आणि माझं काय?"

"तुझा संसार आहे. तुझा नवरा भला माणूस आहे." त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "इथे मला बोलायला भिंती आहेत गं. मी दाढी करून घेतो. शेवटची चाल आल्यावर खेळू." त्यांनी 'उठलो' दाबलं आणि ते टॉवेल घेऊन न्हाणीघरात गेले.

खुर्ची रिकामी झाली. पडद्यावर चौकट आली: 'कोण बसतंय?'

तिने विचार केला नाही. दिवसभर ग्राहकांचे फॉर्म भरणारी बाई ती, चौकट दिसली की नाव लिहायचं हा हाताचाच गुण. तिने आपलं नाव लिहिलं आणि बसली.

खेळ तिला लहानपणापासून येत होता, आणि खरं सांगायचं तर वडिलांपेक्षा चांगला येत होता. तिसरं जहाज लागलं. चौथं लागलं. न्हाणीघरात पाणी वाजत होतं. समोरून पत्ते शांतपणे येत होते, पाचच्या जागी, सहाच्या जागी. सहाव्या जहाजाला तिच्या तळहाताला इतका घाम आला की माऊस निसटू लागला. "नेऊ देणार नाही," ती दातओठ खाऊन पुटपुटली, "माझ्या बापाला नेऊ देणार नाही."

सातवं जहाज बंदराला लागलं.

समोरचे सगळे पत्ते एकाच वेळी उलटे झाले. मग टेबलाखाली अक्षरं उमटली.

'हरलो. येतो.'

"जिंकले!" ती ओरडली, आणि मग त्या शब्दांचा अर्थ तिच्या डोक्यात उतरला. वडील अर्ध्या गालाला फेस लावून धावत आले. त्यांनी नवा चष्मा नाकावर चढवला आणि पडदा वाचला.

"येऊ दे इथे," ती धापा टाकत म्हणाली. "मी आहे. दार उघडायचंच नाही..."

"इथे कशाला येईल?" वडिलांचा चेहरा फेसाइतकाच पांढरा झाला होता. "खुर्चीवर नाव तुझं आहे, पोरी."

ती पंधरा मिनिटं घरी फोन लावत राहिली, कुणी उचलेना, आणि मग तिचाच फोन वाजला. नवऱ्याचा होता. तो आज रजा घेऊन घरीच होता.

"अगं, तुझ्याकडे पाहुणे आलेत," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बाबांचे दोस्त म्हणे. घड्याळं दुरुस्त करायचे. कधी सांगितलं नाहीस तू यांच्याबद्दल. फार गोड म्हातारा आहे."

"त्यांना... त्यांना बाहेर काढ. ऐकतोयस ना? आत्ताच्या आत्ता."

"काय बोलतेस? ऐकतील ते. तू येईपर्यंत वेळ जावा म्हणून त्यांनी पत्ते काढले. जहाजांचा काहीतरी खेळ आहे..."

"हात लावू नकोस! पत्त्यांना हात लावू नकोस..."

"झालासुद्धा डाव," तो हसला. "मला कुठे येतंय? सपाटून हरलो. आता म्हणतात, अट आहे, घर बघायला चला. जवळच आहे म्हणतात. मी जाऊन येतो गं, चहा होईपर्यंत परत."

ती किंचाळली. त्याने फोन टेबलावर तसाच ठेवला असावा, कारण तो बंद झाला नाही. खुर्ची सरकल्याचं तिला ऐकू आलं, मग कडी, मग दार. नवरा कुणाशी तरी हसतखेळत बोलत होता, आणि जिन्यावरून खाली जाणारी पावलं फक्त एकाच माणसाची होती.